सगळं चालू, फक्त दिसत नाही

आमच्या सल्ला मंडळाशी माझी ओळख पानिपतच्या बसमध्ये झाली. दिल्लीतली मराठी मंडळी जानेवारीत काला अंबला जातात, स्मारकापुढे हात जोडतात, एखादं भाषण ऐकतात आणि येताना मुरथलला थांबून पराठे खातात. मी लहानपणापासून हे करत आले आहे. त्यामुळे पानिपतची लढाई आणि पराठ्यावरचं पांढरं लोणी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या एकत्र झाल्या आहेत.

त्या वर्षी माझ्या मागच्या सीटवर तीन पुरुष बसले होते. बाहेर इतकं धुकं होतं की ड्रायव्हरने दिवसाढवळ्या दिवे लावले होते. सगळी बस मफलर गुंडाळून बसली होती आणि हे तिघं एक वस्तू थंड कशी ठेवायची यावर भांडत होते.

"दोन पंखे पुढून हवा घेतील, एक मागून सोडेल."

"पुढून तीन लावा. दिल्लीचा उन्हाळा आहे, साहेब."

"धूळ येते."

"मग जाळी लावा."

"जाळीने हवा अडते."

"अच्छा, म्हणजे गरमच होऊ द्यायचं?"

बाबा माझ्या शेजारी होते. ते मागे वळून म्हणाले, "आमच्या हिलाही कॉम्प्युटर घ्यायचा आहे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, पण मी बघत राहिले. मागे एकदम शांतता झाली. मुलीसाठी स्थळ बघताय का, असं विचारल्यावर होते तशी.

"परपज काय?" मागून पहिला प्रश्न आला.

नेमकं तेच मला सांगायचं नव्हतं.

मी तेव्हा गुरुग्राममध्ये एका काचेच्या टॉवरमध्ये नोकरी करत होते. काम होतं मोठ्या लोकांच्या मीटिंगसाठी स्लाइड्स बनवायचं. पगार चांगला होता, कँटीन चांगलं होतं, मेट्रोतून उतरलं की कॅब मिळायची. बाबा केंद्र सरकारात. दिल्लीत आल्यावर ज्या क्वार्टरमध्ये राहायला आले, त्याच वसाहतीत अजून आहेत. त्यांच्या दृष्टीने माझी नोकरी म्हणजे एक मिटलेली काळजी होती. मला मात्र ॲनिमेशन करायचं होतं. दर शनिवारी लाजपत नगरला मी क्लासला जायचे, तो घरी 'डेटाचा काहीतरी सर्टिफिकेट कोर्स' या नावाने ओळखला जायचा. मला एक मशीन हवं होतं, ज्यावर सराव करून मी नोएडाच्या एका स्टुडिओची परीक्षा देऊ शकेन. ती पास झाले तर नोकरी सोडायची. तोपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. आणि दिल्लीतल्या मराठी मंडळींत एकाला कळलं की आईला कळतं.

"ऑफिस वर्क," मी खिडकीला सांगितलं. "आणि थोडे फोटो."

मुरथल येईपर्यंत मी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, म्हणजे सल्ला मंडळात, होते.

ग्रुपमध्ये बरेच लोक होते, पण बोलायचे ते तिघंच. बाकीचे अंगठा दाखवायचे. या तिघांची नावं मी इथे घेणार नाही, आणि घरीही आम्ही घेत नव्हतो. मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले काका होते, ते अध्यक्ष. त्यांच्याकडे प्रोसेसर होता. वीज खात्यातून निवृत्त झालेले काका होते, त्यांच्याकडे साहजिकच पॉवर सप्लाय. तिसरा पुण्याचा, नोएडात आयटी कंपनीत असलेला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड. आम्ही त्यांना प्रोसेसरकाका, पॉवरकाका आणि ग्राफिक्सदादा म्हणायचो.

'त्यांच्याकडे' म्हणजे खातं त्यांच्याकडे. दिल्लीत राहून राहून माणसाला सगळं खात्यांमध्येच दिसायला लागतं. मंडळाचा एक अलिखित नियम होता: दुसऱ्याच्या खात्यात बोलायचं नाही. कोणी पॉवर सप्लायबद्दल विचारलं आणि पॉवरकाका नातीला शाळेतून आणायला गेलेले असले, तर ते परत येईपर्यंत ग्रुप गप्प. प्रोसेसरकाका फार तर लिहायचे, "संबंधित खात्याच्या अभिप्रायाची प्रतीक्षा."

प्रोसेसरकाका मराठीत लिहायचे, आणि ते मराठी माझ्या शाळेपर्यंत कधी पोचलं नव्हतं. मी मराठी वाचते, पण सावकाश. एकदा त्यांनी लिहिलं, "मॉनिटरबाबत यथावकाश निर्णय घेऊ." मी बाबांना विचारलं, यथावकाश म्हणजे काय.

"सरकारी शब्द आहे," बाबा म्हणाले. "म्हणजे कधीच नाही."

माझ्या कॉम्प्युटरचा विचार पानिपतपासून होळीपर्यंत चालला. प्रोसेसरकाकांनी खूप वाचून एक प्रोसेसर निवडला. त्याच जातीचा आणखी एक थोडा महाग मिळत होता. त्याच्यात स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय आतच होती. ती सोय काकांना अजिबात मंजूर नव्हती.

"आपण वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणारच आहोत," त्यांनी लिहिलं. "मग आतल्या सोयीचे पैसे का द्यायचे? हा अपव्यय आहे."

सगळ्यांनी अंगठे दाखवले.

दोन दिवसांनी ग्राफिक्सदादाने लिहिलं, "कार्ड आत्ता घेऊ नकोस यार. मेमध्ये नवीन येतायत. आत्ता घेशील तर रडशील."

सगळ्यांनी पुन्हा अंगठे दाखवले.

मी ते दोन मेसेज मेट्रोत उभी राहून वाचले. मग वर जाऊन पहिला वाचला, खाली येऊन दुसरा वाचला. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नाही, कारण कार्ड येणार आहे. कार्ड मेपर्यंत येणार नाही. मी ग्रुपवर सहसा काही लिहीत नसे. त्या दिवशी एक वाक्य लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि हुडा सिटी सेंटरला दार उघडायच्या आत पाठवून दिलं: "पण मग मेपर्यंत स्क्रीनवर चित्र कुठून येईल?"

प्रोसेसरकाकांचं उत्तर लगेच आलं. "चित्र हा विषय ग्राफिक्सचा. माझ्याकडून हरकत नाही."

ग्राफिक्सदादा: "अगं, कार्ड आलं की चित्रच चित्र. तू बघच."

संध्याकाळी पॉवरकाका: "दोघांनाही वीज पुरेल. निश्चिंत राहा."

माझ्या प्रश्नाला असं तीन खात्यांकडून उत्तर मिळालं. इतकी जाणकार माणसं इतकी साधी गोष्ट विसरणार नाहीत, असं मला वाटलं. नक्की काहीतरी व्यवस्था असणार, सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून कोणी बोलून दाखवत नाही. इंग्रजी शाळेत मराठीच्या तासाला मला नेहमी असंच वाटायचं.

होळीच्या आदल्या आठवड्यात स्टुडिओची मेल आली. परीक्षा अशी होती: एक माणूस जड वस्तू उचलतो, एवढंच दाखवायचं. काही सेकंदांत वस्तूचं वजन कळलं पाहिजे आणि माणसाचा स्वभावही. मंगळवारी दुपारपर्यंत पाठवायचं. रविवारी होळी, सोमवारी रंग, सुट्टीच सुट्टी. मी मनात म्हटलं, हिशोब जमला. सगळे सुटे भाग घरी येऊन पडले होते. रविवारी सकाळी मंडळ येऊन मशीन जोडणार होतं.

ते आले तेव्हा आई पुरणपोळ्या करत होती. खोकी जिन्याच्या खाली, वसाहतीच्या चौकीदाराकडे ठेवलेली होती. कॅबिनेटचं खोकं सर्वांत मोठं. ते वर नेण्याचं काम प्रोसेसरकाकांनी स्वतःकडे घेतलं. मी जिन्यावरून बघत होते. काका वाकले, थांबले. सरळ झाले. दोन्ही हात कमरेवर ठेवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कोणी येतंय का याचा अंदाज घेतला. पॉवरकाका बुटाची लेस बांधण्यात गुंतले होते. मग काका त्यांच्या नेहमीच्या सवयीने खोक्याला म्हणाले, "चला," आणि ते एका बाजूने उचलून लगेच ठेवलं, जणू तेवढंच बघायचं होतं. शेवटी ते चौकीदाराने आणलं आणि काकांनी पूर्ण जिना त्याला "सांभाळून, सांभाळून" म्हटलं.

जोडणीचा कार्यक्रम छान झाला. प्रत्येक जण आपापला भाग लावायचा आणि त्यावर दोन शब्द बोलायचा. पॉवरकाकांनी देशातल्या विजेच्या परिस्थितीचा आढावा घेतला. ग्राफिक्सदादाच्या खात्याची जागा रिकामी होती. तरी त्याने तिथे बोट ठेवून सांगितलं, "इथे येणार." सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडे आदराने पाहिलं.

मग बटण दाबलं. कॅबिनेटला एका बाजूने काच होती. आत निळे, जांभळे, हिरवे दिवे लागले आणि पंखे घोंघावायला लागले. पुढून तीन, मागून एक. भांडण शेवटी पॉवरकाका जिंकले होते. टाळ्या वाजल्या. आई उलथनं हातात घेऊन बघायला आली आणि म्हणाली, "अगंबाई, गणपतीसारखं केलंय."

मॉनिटरवर एक छोटी चौकट आली. सिग्नल नाही. मग तो काळा झाला.

पुढचा अर्धा तास प्रत्येकाने दुसऱ्याचं खातं तपासलं. प्रोसेसरकाकांनी वायर काढून परत लावली. पॉवरकाकांनी मॉनिटर बंद करून चालू केला. ग्राफिक्सदादाने भिंतीतला प्लग हलवला. मी काही बोलले नाही. मला कारण माहीत होतं, मेट्रोतल्या त्या दिवसापासून.

शेवटी ग्राफिक्सदादा खाली बसला आणि म्हणाला, "एक मिनिट. काका, तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाहीये?"

"नाही. कार्ड येणार होतं ना."

"कार्ड मेमध्ये."

"हो, ते तुमचं खातं."

"पण तुम्ही विचारायचं ना, आत्ता कार्ड आहे का म्हणून."

"तुम्ही विचारायचं, प्रोसेसर कुठला म्हणून. माझी निवड चुकलेली नाही."

"माझीही नाही."

"वीज तर पोचलीये," पॉवरकाका म्हणाले.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "थोडक्यात, पानिपत झालं."

"छे छे, साहेब," पॉवरकाका म्हणाले. "हरलो कुठे? सगळं चालू आहे. फक्त दिसत नाही."

प्रोसेसरकाकांनी दोन्ही हात मागे बांधले. निवृत्तीच्या आधी ते फाइलवर निर्णय देताना असेच उभे राहत असणार. "घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "मेपर्यंत थांबू. हिचं ऑफिस वर्क ऑफिसच्या लॅपटॉपवर होतंच आहे. घाई काय आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार बंद, दुसऱ्या दिवशी रंग म्हणून सगळी दिल्ली बंद. मंगळवारी दुपार. आई दारात उभी होती. मी खरं काय ते सांगितलं, पण पंख्यांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणतेस?" प्रोसेसरकाकांनी कानामागे हात धरला.

त्यामुळे आयुष्यात लपवलेली एकुलती एक गोष्ट मला चार पंख्यांच्या वरच्या आवाजात सांगावी लागली. "मला ॲनिमेशनची टेस्ट द्यायची आहे. मंगळवारपर्यंत. जमलं तर मी गुरुग्रामची नोकरी सोडणार आहे."

पंखे फिरत होते. आईच्या हातातलं उलथनं तसंच होतं. मी पुढच्या प्रश्नाची तयारी केली होती. कित्येक महिने करत होते. बाबा काय विचारतील, आई काय म्हणेल, मी काय सांगेन.

प्रोसेसरकाका दुखावल्यासारखे म्हणाले, "म्हणजे परपज चुकीचा सांगितला होता?"

"ॲनिमेशन?" ग्राफिक्सदादा उठून उभा राहिला. "यार, मग रॅम डबल पाहिजे होती."

"रॅमचं सोडा, मग मुळात हा प्रोसेसरच नको होता. मी ऑफिस वर्क धरून दिला. ॲनिमेशनला यापेक्षा वरचा."

"आणि वरचा घेतला तर पॉवर सप्लाय बदलावा लागेल," पॉवरकाका पुढे आले. "मला आधी कळायला हवं होतं."

ते तिघं माझं मशीन परत पहिल्यापासून ठरवायला लागले, मोठ्या उत्साहाने. नोकरीबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. मला हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही.

ग्राफिक्सदादा ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर असला की त्याच्या मागे एक काचेचं कपाट दिसायचं. त्यात ट्रॉफी, एक तांब्याचा गणपती, आणि गणपतीच्या शेजारी मूळ खोक्यात ठेवलेलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड. लोक बोलत असले की मी मागचं सामान बघत बसते.

"दादा," मी म्हणाले, "तुमच्या कपाटातलं ते कार्ड चालतं का?"

"ते?" त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "ते माझं पहिलं कार्ड. पुण्यात घेतलं होतं. चालतं, चालायला काय, पण खूप जुनं आहे गं. ह्या मशीनमध्ये ते म्हणजे..."

"प्रोसेसरचा अपमान," प्रोसेसरकाकांनी वाक्य पूर्ण केलं.

माझं गुपित ऐकल्यापासून बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "त्यातून चित्र येईल?"

"चित्र काय, येईल की, काका."

"मग उठा," बाबा म्हणाले आणि गाडीची किल्ली घेतली.

नोएडाला जाताना ग्राफिक्सदादा पुढे बसून बाबांना मेमध्ये येणाऱ्या कार्डांबद्दल सांगत होता. आश्रम चौकाच्या आधी कोणीतरी गच्चीवरून पाण्याचा फुगा मारला, तो काचेवर फुटला. बाबांनी वायपर लावला आणि म्हणाले, "पुढे." दादाच्या घरी त्याने कार्ड दोन्ही हातांनी काढून दिलं. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "गेलं का शेवटी? मी त्या जागेवर कुंडी ठेवते."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. खोकं माझ्या मांडीवर होतं.

"पगार?" बाबांनी विचारलं.

"कमी."

"शनिवारचा तो सर्टिफिकेट कोर्स?"

"तोच हा."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू काहीतरी लग्नाचं लपवत्येस. तुझी आई तर त्या मुलाचं नाव शोधत होती."

"मग हे त्याच्यापेक्षा बरं का वाईट?"

"बघू," बाबा म्हणाले. "ठरवू यथावकाश."

मी खोक्यावरची धूळ पुसत राहिले, म्हणजे मला हसताना दिसायला नको.

कार्ड मीच बसवलं. सल्ला मंडळ तोवर पुरणपोळ्या खाऊन घरी गेलं होतं. दिवे लागले, पंखे घोंघावले, आणि मॉनिटरवर कंटाळवाणं, सुंदर, निळं असं काहीतरी आलं. मशीन फार वेगाने चाललं नाही, पण मलाही वेगाने येत नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं.

जड वस्तू कोण उचलणार याचा मला विचार करावा लागला नाही. सोमवारी खाली वसाहतीत ढोल वाजत होते, मुलं ओरडत होती, आणि मी खिडकी लावून एका गोल पोटाच्या माणसाला वाकवत होते, थांबवत होते, सरळ करत होते. हात कमरेवर. इकडे बघणं, तिकडे बघणं. सर्वांत जास्त वेळ त्या तिकडे बघण्याला लागला. तेवढं जमलं की खोक्याचं वजन आपोआप कळत होतं.

बाबा दार ढकलून आत आले. शेजाऱ्यांनी त्यांना कानापर्यंत गुलाबी केलं होतं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि तो माणूस परत परत वाकताना बघत राहिले. तिसऱ्या वेळेला त्यांच्या तोंडून हसण्याचा आवाज निघाला.

"अगं, हे तर आपले..."

"नाव नका घेऊ," मी म्हणाले.

"आईला बोलावू?"

"बोलवा."

आईने बघितलं, पदराने तोंड झाकलं आणि म्हणाली, "ते 'चला' पण म्हणायला लाव ना." मग दोघं तिथेच उभे राहिले आणि मला काम करता येईना.

मंगळवारी दुपारी मी ते पाठवलं. आता मी नोएडाला जाते. मेट्रो बदलावी लागते, कँटीन नाही. मेमध्ये नवीन कार्डं आली. ग्राफिक्सदादाने लिहिलं की आता दिवाळीपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. सगळ्यांनी अंगठे दाखवले. जुनं कार्ड अजून माझ्याकडेच आहे. त्याच्या जागी खरंच कुंडी आली आहे, मी व्हिडिओ कॉलवर बघितली.

नोकरी लागली तेव्हा बाबांना राहवलं नाही. त्यांनी माझी ती क्लिप मंडळाच्या ग्रुपवर टाकली. मी फोन उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने धीर करून बघितलं.

प्रोसेसरकाकांनी लिहिलं होतं, "हालचाल अत्यंत सफाईदार. प्रोसेसरची निवड योग्य ठरली, याची नोंद घ्यावी."

त्याखाली पॉवरकाका: "माणूस ओळखीचा वाटतो हो. कुठे बघितलाय?"

आणि प्रोसेसरकाका: "असा एक प्रत्येक ऑफिसात असतो."